कडी मीच काढली

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. आता नाशिकच्या एका दवाखान्यात काचपट्टीवर जांभळ्या रंगात वाळून पडले आहे. पूर्वी एकलहऱ्याच्या राकेशच्या गालात मी पहारा करत होते.

घुसलेला जंतू गिळायचा, एवढेच माझे काम. माझ्या अंगावर दाराला असाव्यात तशा कड्या होत्या; शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. रक्त शत्रूवर खूण चिकटवायचे, ती कडीला लागली की मी त्याला आत ओढून पचवायचे. वस्तऱ्याचे काप, बाभळीचे काटे, सगळे निभावले. मला गर्व होता, खोटे कशाला बोलू?

राकेश सहा महिने राजस्थानात वीजकेंद्राच्या कामाला गेला. तिथे उघड्यावर झोपताना त्याच्या गालाला वाळूमाशी चावली. तिच्याबरोबर आलेल्या परजीवींनी तीच खूण अंगावर मिरवत माझी कडी गाठली. मी त्यांना नेहमीसारखे आत घेतले. ते पचलेच नाहीत! माझ्याच पोटात वाढू लागले. कुंपणानेच शेत खाल्ले.

घरी आल्यावर गालावर फोड उठला. दुखेना, म्हणून कुणी मनावर घेईना.

"बिब्बा लावते, जळून जाईल," राकेशची आई धोंडाबाई म्हणाली.

कातडी भाजली. गावातल्या डॉक्टरांनी विचारले, तर राकेश म्हणाला, "काय नाय, बिब्बा उतलाय." त्यांनी भाजल्याचे मलम दिले. राजस्थानचे नावही निघाले नाही.

जखम नाकाकडे सरकली. "माझ्याच हातानं पोराचं तोंड जाळलं," म्हणून धोंडाबाई रडायची. चार वर्षांची तेजल गळ्यात पडायला आली की राकेश तोंड फिरवायचा. "लांब हो पोरी, तुला व्हईल हे." मला ते ऐकवत नसे. दोष बिब्ब्याचा नव्हता, माझा होता.

शेवटी त्याची बायको चैताली त्याला नाशिकला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. "मॅडम, बिब्ब्याच्या आधीच फोड होता. राजस्थानातनं आल्यावर उठला."

"हे आधी का नाही सांगितलं?" बाईंनी जखमेची कड खरवडली. तिच्यात मी निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली माझे पोट दिसले, ठिपक्यांनी भरलेले.

"सापडलं! वाळूमाशीनं आणलेले परजीवी आहेत हे. यावर औषध आहे. डाग राहील थोडा. आणि लेकीला जवळ घ्या, मिठी मारल्यानं हे पसरत नाही."

मित्रांनो, न दुखणारी जखमही दाखवा. कुठे गेला होता, काय लावले, सगळे सांगा. मी कडी काढताना चुकले. तुम्ही सांगताना लपवू नका.

बाईंचे बोलणे संपले तोच चैतालीबरोबर आलेल्या तेजलचा आवाज आला, "पप्पा, आता घ्या ना!" त्याने तिला उचलले. तिने ज्या गालाला गाल लावला, त्यात मी नव्हते.