फळ्यावरून पुसलेला खड्डा

आमच्या बदामच्या पोळेत, म्हणजे एकाच तोंडाच्या, घराला घर चिकटलेल्या जुन्या गल्लीत, कोण गेलं, कोण आलं, उद्या पाणी येणार की नाही आणि कुणाची मांजर कुणाच्या माळ्यावर व्याली, हे कळायची जागा एकच. पोळेच्या तोंडाशी, कबुतरांच्या चबुतऱ्याखाली लावलेला काळा फळा. फोन सगळ्यांकडे आहेत. पण फोनवर आलेली गोष्ट आम्ही अफवा समजतो. फळ्यावर आली की ती बातमी.

फळा लिहायचं काम जशुभाईंचं. कापडबाजारातलं दुकान आता त्यांची मुलं सांभाळतात आणि हे ओट्यावर बसून पोळ सांभाळतात. अक्षर गोल आणि भरलेलं, अगदी त्यांच्या पोटासारखं. फळ्याचा नियम एवढाच, की जागा कमी पडली तर कमी महत्त्वाचं पुसायचं. आणि कमी महत्त्वाचं काय, हे जशुभाई ठरवणार.

उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, तोंडावर आलं होतं तेव्हा ठेकेदाराचा माणूस येऊन गेला. गटाराची लाइन बदलायची आहे, उद्या पोळेच्या तोंडापासून आतल्या देरासरापर्यंत, म्हणजे जैन देवळापर्यंत, गल्ली खणणार. सणाला मजूर गावी जातात, तेव्हा चर तसाच उघडा राहील. कुणी आजारी-बिजारी असेल तर आधीच हलवा, असं त्याने सांगितलं. जशुभाईंनी ते फळ्यावर नीट उतरवलंही. पण संध्याकाळी उंधियूची मागणी लिहायची वेळ झाली. उत्तरायणाला अख्ख्या पोळेचा उंधियू एकाच कढईत शिजतो, आणि कुणाला किती, जिलेबी किती, ते फळ्यावर मांडलं जातं. फळा तो केवढा आणि पोळेची भूक केवढी. जशुभाईंनी विचार केला, खड्डा काय, खणला की दिसेलच सगळ्यांना. उंधियू लिहायचा राहिला तर मात्र राहिलाच. त्यांनी खड्डा पुसला.

असा विचार आमच्याच पोळेतला माणूस करू शकतो. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना तो अजूनही बरोबर वाटतो.

मधुकांताबेनला नाही वाटला. ती माझ्या शेजारच्या घरात राहते, भिंतीला भिंत. तिची भैरवी बाळंतपणाला माहेरी आली होती. मागच्या खेपेला भैरवीला दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता आणि मूल हाती लागलं नव्हतं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पहिली कळ आली की निघायचं, चहासुद्धा पीत बसायचं नाही. नदीपलीकडे मधुकांताबेनच्या थोरल्या लेकीचं घर आहे, दवाखान्याला लागूनच. खड्ड्याची ओळ वाचली असती तर ती भैरवीला त्याच संध्याकाळी तिकडे घेऊन गेली असती. ती फळ्यापाशी आली खरी, पण तोवर तिथे फक्त उंधियू होता. तिने आपलाही लिहून घेतला आणि घरी गेली.

सकाळी दार उघडलं तर गल्लीच्या जागी चर. त्यात जुनी लाइन फुटून काळं पाणी साचलेलं, आणि एका कडेने भिंतीला धरून चालायला एकच फळी. धडधाकट माणसाची तिच्यावर भंबेरी उडायची, भरल्या दिवसांच्या बाईचं काय. दिवस अजून बाकी आहेत, सण झाला की चर बुजेल, असं आम्ही मधुकांताबेनला समजावलं. ती ऐकून घेत होती. मग ती फळी ओलांडून फळ्यापाशी गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "जशुभाई, चर बुजेपर्यंत माझ्याशी बोलू नका. पोरीला काही झालं तर जन्मभर बोलू नका."

जशुभाईंच्या हातात खडू होता. तो त्यांनी खिशात घातला.

उत्तरायणाच्या दिवशी पोळ जमिनीवर नसतेच. सगळी गच्चीवर. बोरं, ऊस, चिक्की, बोटांना पट्ट्या, आणि प्रत्येक गच्चीवर भोंगे. सगळ्यांत मोठे भोंगे अर्थात जशुभाईंच्या गच्चीवर, आमच्यापासून दोन घरं सोडून. भैरवीही हट्टाने वर आली होती. वर्षातून एकदा येतो हा दिवस, म्हणाली, मला काय खाली भिंती बघत बसवता. मधुकांताबेनने तिला छत्रीखाली खुर्ची मांडून दिली आणि दर थोड्या वेळाने तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

जिलेबीची पहिली परडी गच्ची-गच्चीवरून फिरत आमच्यापर्यंत आली, तेव्हा भैरवीने हातातला तुकडा तसाच खाली ठेवला. नुसती आईकडे बघायला लागली.

तेवढ्याने मधुकांताबेनला कळलं, आणि तिचा चेहरा बघून मला.

आमच्या पोळेतले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेल्या शिड्याच. वरून लोंबणारी दोरी धरून चढायचं, दोरी धरून उतरायचं. भैरवीला सकाळी चढवायला अर्धी सकाळ गेली होती. आता कळा देत उतरवायची, आणि उतरवून न्यायची कुठे, तर त्या फळीवर. मधुकांताबेन कठड्यावरून खाली चराकडे बघत उभी राहिली.

मी कठड्याशी जाऊन दोन गच्च्यांपलीकडे हाक मारली. जशुभाई पाठमोरे होते. त्यांचा काळा पतंग पार वर ठिपका झाला होता. सकाळपासून त्याला कुणी कापू शकलं नव्हतं, आणि शेजारची पोळ त्याच्यावर दात ठेवून होती. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग छत्रीखाली पाहिलं. काय झालं म्हणून विचारलंही नाही.

त्यांनी मांजा दातात धरला आणि तोडला.

उत्तरायणाला स्वतःचा उडता पतंग स्वतः तोडणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. गाणं बंद पडलं आणि भोंग्यातून त्यांचा आवाज आला. एरवी याच आवाजात ते कुत्रं हरवल्याचं सांगतात.

"ऐका पोळवाल्यांनो. मधुकांताबेनची भैरवी अडली आहे. खाली रस्ता नाही, आणि तो का कळला नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिला गच्च्यांवरून पोळेच्या तोंडाशी, रसीलाबेनच्या घरापर्यंत न्यायची. आडवा एक धागा दिसता कामा नये. आपापला पतंग सोडा."

मग आमच्या डाव्या हाताच्या गच्चीवरचा एक पतंग गोते खात निघाला. मग दुसरा. मग बदामच्या पोळेचं सगळं आभाळ सुटलं. लाल, पिवळे, शेपटीवाले, एकाच वाऱ्याने, एकाच दिशेने. मांजाला काच असते, चालत्या माणसाचा गळा कापतो तो. म्हणून बायका हातांनी धागे गोळा करून कठड्यांबाहेर टाकत होत्या.

पलीकडच्या पोळेला वाटलं, आमचं सैन्य एका दमात गारद झालं. त्यांनी पिपाण्या फुंकल्या, थाळ्या वाजवल्या, आमच्या आईबापांचा उद्धार केला. आमच्याकडून कुणीही उत्तर दिलं नाही. आमच्या पोळेच्या इतिहासात हे पहिल्यांदाच.

तोवर मधुकांताबेनच्या घरातला झोपाळा वर आला होता. सागवानी फळी, पितळी कड्या, तिच्या सासूच्या वेळचा. कुणाच्या डोक्यात आलं आठवत नाही, पण भैरवीला त्यावर आडवी केली आणि चार कड्या चार जणांनी खांद्यावर घेतल्या. पुढच्या दोन कड्यांतली एक जशुभाईंनी धरली. मधुकांताबेनने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं, पण कडी सोडायला सांगितली नाही.

मी भैरवीचा हात धरून बाजूने चालले. गच्चीमागून गच्ची, कठड्यामागून कठडा. प्रत्येक कठड्याशी पलीकडची माणसं आधीच उभी असायची, कड्या उचलून घ्यायला. कुणी गादी आणून दिली, कुणी उसाचे चघळलेले तुकडे पायाखालून झाडले. मधे एके ठिकाणी पत्र्याचं उतरतं छप्पर आहे. तिथे दोन शिड्या आडव्या टाकून वर दरवाजाची फळी ठेवली. जशुभाई त्या फळीवर चढले तेव्हा मात्र सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं.

"जशुकाका," भैरवी कळेमधून म्हणाली, "पडायचं असेल तर माझ्याआधी पडा."

"दीकरा," ते म्हणाले, "मी पडलो तर छप्परच जाईल, मग आधी काय अन् नंतर काय."

ती हसली आणि मग ओरडली, आणि आम्ही पुढे निघालो.

शेवटचं घर रसीलाबेनचं. पोळेच्या तोंडाशी, एक दार गल्लीत, एक मोठ्या रस्त्यावर. तिने जुनं कोरीव घर पाडून सिमेंटचं बांधलं, रुंद जिना घातला, आणि तेव्हापासून पोळ तिला जिनेवाली म्हणायची, प्रेमाने नव्हे. आज ती त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर कंबरेला पदर खोचून उभी होती. सगळे दिवे लावून ठेवले होते, आणि खाली दारात रिक्षा, चालू.

"सांभाळून या," ती म्हणाली. "जिना रुंद आहे." एवढंच. मी तिच्या जागी असते तर याहून कितीतरी जास्त बोलले असते.

रिक्षात भैरवी, मधुकांताबेन आणि रसीलाबेन बसल्या. आम्ही रस्त्यात उभे राहिलो, हातात चार पितळी कड्या घेऊन.

मग वाट बघणं. गच्च्यांवर माणसं होती, फिरक्या होत्या, पण पतंग कुणी चढवेना. खाली चबुतऱ्यापाशी उंधियू कढईत थंड झाला. जिलेबी तेवढी हात जाईल तशी संपत होती. जशुभाई खाली फळ्यापाशी गेले आणि ओल्या फडक्याने त्यांनी तो पुसला. उंधियू, जिलेबी, नावं, सगळं. कोरा, काळा फळा. त्याच्यासमोर ते खडू घेऊन बसून राहिले. फोन वाजत होते. आम्ही कुणाचं ऐकून घेत नव्हतो.

ऊन कलताना रसीलाबेनचं गल्लीकडचं दार उघडलं आणि मधुकांताबेन बाहेर आली. अख्खी पोळ कठड्यांवरून वाकून बघत होती. तिने कुणाकडे वर पाहिलं नाही. सरळ कढईपाशी गेली, परडीतून एक जिलेबी उचलली, जशुभाईंसमोर येऊन उभी राहिली आणि ती त्यांच्या तोंडात कोंबली.

मुलगा झाला की आमच्यात पेढा वाटतात. मुलगी झाली की जिलेबी. वर गच्च्यांवर एकदम गलका उठला, कारण तेव्हा आम्हाला कळलं की दुपारपासून आम्ही जिलेबीच खात होतो. बातमी यायच्या आधीच ती खाऊन बसलो होतो.

जशुभाईंना बोलता येईना. अर्धं कारण जिलेबी होती.

"लिहा," मधुकांताबेन म्हणाली. "दोघी सुखरूप आहेत. आणि खाली तो खड्डाही लिहा."

त्यांनी लिहिलं. गोल, भरलेल्या अक्षरांत, वर मुलगी आणि खाली खड्डा, आणि फळ्यावर जागा उरली. मग त्यांनी मान वर करून गच्च्यांकडे पाहिलं आणि फिरकीचा इशारा केला. पलीकडची पोळ अजून पिपाण्या फुंकत होती. अंधार पडायच्या आत त्यांचा एकही पतंग आभाळात शिल्लक राहिला नाही.