बंबाशेजारची दारू

मी बंदुकीची दारू बोलतेय. प्यायची नव्हे, उगाच पुढं सरकू नका. मला लिहितावाचता येत नाही. माझ्या डब्यावर काय लिहिलंय तेसुद्धा मी लोकांच्या तोंडून ऐकलंय. पण ऐकलेलं मी विसरत नाही. सांगताना थोडं तिखटमीठ पडलं तर चालवून घ्या.

मी मूळची कापसाची लेक. कापूस तेजाबात भिजवला, कणकेसारखा मळला, आणि सोऱ्यातून शेव पाडतात तसा बारीक भोकांतून दाबून काढला. मग तुकडे केले, वर शिसपेन्सिलीची काळी पूड चोपडली. झाले मी तयार. कारखान्यात सगळ्या बायकाच, कारण पुरुष जगभर पेटलेल्या लढाईवर गेलेले. ठिणगी पडेल म्हणून त्या बिचाऱ्यांना केसांत आकडासुद्धा लावू देत नसत. माझी काळी पूड त्यांच्या नखांत जाऊन बसायची, मग त्या मला शिव्या द्यायच्या. मी मुद्दाम आणखी आत बसायची.

मला केलं होतं विमानावरच्या तोफेसाठी. गोळ्याच्या पोटात जाऊन बसले, आता उडणार, मग उडणार, आणि लढाईच संपली. सगळा देश रस्त्यावर नाचत होता आणि मी एकटी फुगून बसले होते. पुढं ते गोळे उकलले, मला बाहेर ओतलं, आणि पिंपं भरभरून शिकाऱ्यांना बटाट्याच्या भावात विकलं.

त्यातलं एक पिंप मोंटाना नावाच्या डोंगराळ मुलखात गेलं. ऑरिन ट्वेट आणि त्याचा मेव्हणा लाइल, दोघांनी मिळून घेतलं. ऑरिन लाकडाच्या गिरणीत करवतीवर. लाइल टपालाची गाडी हाकायचा. ऑरिनची बायको आल्मा ही लाइलची थोरली बहीण. अंगणात ताडपत्री पसरून दोघांनी मला निम्मंनिम्मं वाटलं. एकेका मापाला एकमेकांच्या हाताकडं असं बघत होते की वडिलांची जमीन वाटून घेतायत. ऑरिननं दोन्ही डब्यांवर लाल रंगानं तारीख घातली, आणि माझी वाटणी निघाली त्याच्या तळघरात.

आता माझा स्वभाव सांगते. मी सावकाश पेटते. बाकीच्या दारवा काडी लागली की भडकून मोकळ्या होतात. मी दमादमानं जळते आणि गोळीला नळीच्या टोकापर्यंत ढकलत नेते. त्यामुळं मोठ्या रायफलीला मी फार मानवते. ऑरिन शरदात तळघरात बसायचा, उडवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या पुसायचा, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी ठोकायचा, मला इवल्याशा तराजूत तोलून आत सोडायचा आणि वर गोळी दाबायचा. मी काय करायची, माझे चार दाणे तराजूच्या पत्र्याला चिकटून बसायचे. तो टिचकी मारायचा. मी आणखी चिकटायची. तो चष्मा पुसायचा. सगळी संध्याकाळ असा आमचा खेळ.

माणसांची एक गंमत आहे. एल्क पडला, म्हणजे ते घोड्याएवढं हरीण पडलं, की ऑरिनची नजर चांगली. नेम चुकला की दारू ओली. माझ्यावर असे किती आळ आले म्हणून सांगू.

ओली होऊ नये म्हणून त्यानं माझा डबा पाणी तापवायच्या बंबाला चिकटवून ठेवला. त्याला वाटलं, किती काळजी घेतो मी. बंब दिवसरात्र गरम, आणि मी शेजारी भाजत बसलेली. पण सांगते कुणाला?

लाइलची दारू दोन वर्षांत संपली. म्हणजे तो तसं म्हणायचा. मग दर शरदात तो यायचा, आल्माच्या हातचा केक खायचा, ऑरिनच्या एल्कची तोंडभर तारीफ करायचा आणि हळूच विचारायचा, थोडी मिळेल का. ऑरिन कुरकुरत द्यायचा. असं तीसपस्तीस वर्षं चाललं. शेवटी डब्याच्या बुडाला पेलाभर मी उरले, तेव्हा ऑरिननं देणं बंद केलं आणि स्वतः वापरणंही बंद केलं. म्हणाला, ही माझ्या शेवटच्या एल्कला.

माझा जीव घाबरा झाला. मी जळायला जन्मले, आणि हा मला देव्हाऱ्यात बसवून ठेवतोय. सहा वर्षं झाकण उघडलं नाही. बंबाच्या धगीनं आत मी आंबले, दाण्यांवर तांबूस भुकटी चढली. आमच्यात हे दुखणं वाईट. अशी दारू रायफलीत घातली तर ती काय करील ते तिचं तिलाच ठाऊक नसतं, आणि भरणाऱ्याचा गाल त्याच रायफलीला टेकलेला असतो.

सत्तरी उलटली त्या शरदात ऑरिननं झाकण काढलं. गुडघे गेले होते, पुढच्या वर्षी डोंगर चढवेल याची खात्री नव्हती. दहा नळ्या ओळीनं मांडल्या. मी ओरडत होते. जन्मभर खोड्या काढल्या, आणि खरं सांगायची वेळ आली तर तोंडच नाही.

तेवढ्यात लाइल जिना उतरून आला. डब्यात डोकावला, हुंगलं, आणि म्हणाला की ही नासलीय, आंबूस वास येतोय.

नेमकी त्याच दिवशी आल्मा वर बिटाचं लोणचं घालत होती. सगळं घर व्हिनेगरनं भरलेलं, मांजरसुद्धा शिंकत होतं. ऑरिन म्हणाला, वास तिच्या पातेल्याचा आहे. लाइलनं तांबडी भुकटी दाखवली. ऑरिन म्हणाला, ही लढाईतली दारू, पहिल्यापासून अशीच तांबडी.

"पहिल्यापासून काळी होती," लाइल म्हणाला.

"तुला काय आठवतंय? तुझी तर दोन वर्षांत संपली." ऑरिननं पहिल्या नळीवर नरसाळं ठेवलं. "माझ्या घरात बसून तू तीस वर्षं हिच्यावर डोळा ठेवलायस. उरलेली मी टाकून द्यावी आणि मागच्या दारानं तू उचलावी, हाच बेत ना?"

आल्मा हात पुसत जिन्यात येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं. कोण खरं बोलतोय ते तिला कळेना, पण भावाचा चेहरा पांढरा पडलाय एवढं तिला दिसलं.

लाइलनं टोपी काढली, परत घातली. म्हणाला, "अर्धा तास दे. एक काडतूस भरू नकोस. आल्मा, त्याला भरू देऊ नकोस." आणि गेला. आल्मा येऊन सरळ दहाच्या दहा नळ्या एप्रनमध्ये घेऊन बसली. नवरा बडबडत राहिला, ती बिटं सोलत राहिली.

लाइल परत आला तो गोणपाटात काहीतरी गुंडाळून. टेबलावर ठेवलं, गोणपाट काढलं. डबा. वर लाल रंगात तारीख. ऑरिनच्याच हातची.

लाइलनं आल्माची पांढरी बशी मागितली. एका बाजूला मला ओतलं, दुसऱ्या बाजूला माझ्या सख्ख्या बहिणीला. ती लाइलकडं बटाटे साठवायच्या थंडगार खोलीत राहिलेली. काळीभोर, चकचकीत, जशी काल सोऱ्यातून पडली. आणि शेजारी मी, गंजक्या खिळ्यांचा भुगा. मला फार लाज वाटली हो.

ऑरिन बशीवर वाकला. बघता बघता त्याच्या हातातलं नरसाळं खाली आलं.

"संपली म्हणाला होतास," तो म्हणाला.

"म्हणालो होतो."

"तीस वर्षं माझी नेलीस."

"नेली."

"आणि ही राखून ठेवलीस. कशाला?"

लाइल बशीतल्या दाण्यांशी खेळत राहिला. "तुझी संपली तर असावी म्हणून."

आल्मा पायरीवर बसून डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. मग उठली आणि ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली, बिटानं लाल झालेला हात, त्याच्या धुतलेल्या शर्टावर.

दोघं डोंगरात गेले, माझ्या बहिणीला घेऊन. चार तासांच्या वाटेत ऑरिन लाइलशी एक शब्द बोलला नाही म्हणतात. येताना मात्र गाडीत एल्क होता आणि दोघं त्याच्या शिंगांवरून भांडत होते.

मला आल्मानं परसात कोबीच्या वाफ्यात खत म्हणून चिमूटचिमूट पसरलं. इथले जुने शिकारी नासलेल्या दारूचं हेच करतात. पाऊसपाण्यात मी हळूहळू विरघळतेय. माझी सवयच ती, सावकाश.

तुमच्याकडं काही चांगलं राखून ठेवलेलं असेल तर बाबांनो, वापरून टाका. त्याला तुमच्या देव्हाऱ्याचं कौतुक नसतं.

कोबी मात्र यंदा असा माजलाय की विचारू नका. रोज सकाळी एक हरीण कुंपण ओलांडून येतं आणि गड्डे कुरतडतं. ऑरिन खिडकीतून खराटा दाखवून ओरडतो. शिकारीच्या परवानगीचे दिवस नाहीत, दुसरं करतोय काय? हरीण वर बघतं, चावत राहतं, आणि मीही कोबीबरोबर त्याच्या पोटात उतरते, तोफेशिवाय, रायफलीशिवाय, अगदी आरामात.