आईच्या नावाचा मेंढा

डॉक्टर माधवीताईंनी लस पाण्यात कालवली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. तासाभरात ती संपवायची, नाहीतर वाया जाते, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. माझ्या उरलेल्या मेंढ्यांना टोचून अर्धी बाटली संपली. बाकीची माझा धाकटा भाऊ लिंबाजी याच्या मेंढ्यांसाठी होती, आणि लिंबाजी आपल्या मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा होता.

"माज्या मेंढराला कुणी हात लावायचा न्हाई."

चारठाण्याच्या शिवारात आमचे दोन्ही कळप शेजारी बसले होते. आठ दिवसांत बुळकांडीनं माझा निम्मा कळप नेला. तोंडात फोड, नाकातून पू, हगवण, आणि तिसऱ्या दिवशी मेंढी आडवी. कालपासून लिंबाजीच्या दोन मेंढ्या खोकत होत्या. आज टोचलं नाही तर त्याचाही कळप जाणार, हे त्यालाही कळत होतं.

"धडधाकट आहेत तेवढ्या तरी टोचू द्या, भाऊ," माधवीताई म्हणाल्या.

"बाई, तुमचं काई न्हाई. पर तुमाला आणलंय कुणी? ह्यानं. ह्याच्यापायीच रोग आला." त्यानं काठीचं टोक माझ्याकडे केलं. "दादा, तुजा येशू लय मोठा मेंढपाळ हाय म्हणतोस ना? मग त्याला बोलाव की. सुई कशाला पायजे?"

मी येशूला मानायला लागलो त्याला चार वर्षं झाली. लिंबाजीनं त्यावरून कधी भांडण काढलं नव्हतं. बिनसलं ते मागच्या वर्षी. आईच्या शेवटच्या दुखण्यात आम्ही खंडोबाच्या नावानं एक मेंढा सोडला होता. असा मेंढा कुणी विकत नाही, कापत नाही. तो कळपातच म्हातारा होतो. आई गेली तरी लिंबाजी दर रविवारी त्याला भंडारा लावायचा. तो एका लग्नाला गेला असताना मी तो मेंढा देवगाव फाट्याला नेऊन खाटकाला विकला. मग सेलूच्या प्रार्थनेत उभं राहून, येशूच्या भक्तीपायी तो विकला, अशी साक्ष दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रोग आला तेव्हा मी म्हणायचो, प्रभू, माझ्या मेंढ्या वाचव, म्हणजे लिंबाजीला दिसेल. मेल्या त्या माझ्याच. खड्डे खणताना मी प्रभूशी भांडलो. परवा एक गाभण मेंढी पुरताना हात थांबले. मी इतके दिवस मेंढ्या मागत नव्हतो, भावाची हार मागत होतो.

"वीस मिनिटं राहिली," माधवीताई म्हणाल्या.

लिंबाजीनं कमरेची पिशवी सोडली आणि चिमूटभर भंडारा पुढे केला. "लाव कपाळाला. आत्ता जाळी उघडतो."

माझी बायको कासाबाई मागून हळूच म्हणाली, "अवं, लावा की. हळदच तर हाय. मनातलं देव वळखतो."

मेंढ्यांकडे बघितलं की हात पुढे जात होता. वर्षापूर्वी मी तिथंच उपदेश झोडला असता. आता नुसता हात मागे घेतला.

"न्हाई लावणार, लिंबाजी. मनात नसताना लावला तर ती तुज्या देवाची चेष्टा, आन माज्याबी."

"मग निघ."

"निघतो. पर एक ऐक. मेंढा विकला ते पाप माजं हाय. भक्तीनं न्हाई विकला. आईनं मरताना तो तुज्या हवाली केला, थोरला असून माज्या न्हाई. त्याचा राग काढला मी, आन वरून देवाचं नाव सांगितलं."

मी डोक्याचा पटका काढला आणि त्याच्या पायांवर ठेवला.

लिंबाजी चटका बसल्यासारखा मागे सरला. "उचल! थोरल्यानं धाकट्याच्या पायावर? माणसं बघायलीत." मी हललो नाही. शेवटी त्यानंच पटका उचलून माझ्या छातीवर आदळला. "मेंढा परत येणार हाय का?"

"न्हाई."

"मग तुज्या माफीचं काय करू मी?"

जाळीत एक मेंढी खोकली. लिंबाजीनं वळून बघितलं आणि जाळीची गाठ सोडली.

"बाई, तुमी या. तू भाईरच. माज्या मेंढराला तुजा हात नको."

तो एकेक मेंढी गुडघ्यांत दाबून धरत होता, त्याची बायको दैवशाला ही टोचलेल्या मेंढ्या बाजूला हाकत होती. मदतीला माणूस कमी पडत होता. मी जागचा हललो नाही. त्याचा शब्द मोडायचा हक्क मी गमावला होता. तास भरला तेव्हा चार मेंढ्या टोचायच्या राहिल्या.

"उद्या दुसरी बाटली आणते," माधवीताई म्हणाल्या. उद्यापर्यंत काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही.

मी जाळीबाहेर उन्हात बसलो आणि त्या चौघींसाठी प्रार्थना केली. त्या लिंबाजीच्या आहेत, एवढंच प्रभूला सांगितलं.