कोंढ्याची मंडई

"हे पाहा, वांगी रंग, जरीचा काठ. वहिनी खूश होऊन जाईल," असं म्हणत पवनीच्या दुकानदाराने अकरावी साडी गोपीचंदसमोर उलगडली.

गोपीचंदने काठ दोन बोटांत धरून पाहिला. जन्मभर जाळी विणलेला माणूस, साडीतही त्याला आधी वीणच दिसली.

"वीण पक्की हाये," तो म्हणाला.

"वीण राहू द्या. वहिनीले कोणता रंग आवडते ते सांगा."

इथे गोपीचंदची गाडी अडली. दिघोरीच्या तलावात कोणत्या महिन्यात मरळ कुठल्या काठाला लपते, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. पण पंचवीस वर्षं जिच्या हातचं जेवला त्या बाईला कोणता रंग आवडतो, हे काही त्याला सांगता येईना. 'मागून येतो' म्हणून तो दुकानाबाहेर पडला आणि रिकाम्या हाताने दिघोरीच्या गाडीत बसला.

हे सगळं लचांड रंजूने लावून दिलं होतं. रंजू त्याची एकुलती एक लेक, नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स. दिवाळीला आली तेव्हा तिने बापाला अंगणात गाठलं.

"बाबा, औंदा लग्नाले पंचवीस वर्सं झाले तुमच्या. आईले आपल्या मनानं एक तरी वस्तू देली काय तुमी?"

"घरात कमी काय हाये?"

"कमी असलं म्हणूनच देतेत काय? तिच्यासाठी म्हणून द्या काहीतरी. तिले वाटलं पायजे, का ह्या माणसानं माह्याकडं पाह्यलं."

लेक ड्युटीवर परत गेली, पण तिचं बोलणं माशाच्या काट्यासारखं गोपीचंदच्या घशात अडकून बसलं. म्हणून तर हा माणूस, ज्याने आयुष्यात कधी साडीच्या दुकानाची पायरी एकट्याने चढली नव्हती, तो पवनीला जाऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मंगलाबाईला विचारलं. मंगलाबाई बाजारात त्याच्या बायकोच्या, रेवताबाईच्या, शेजारी बसून मासे विकायची. रेवताबाई सुटे आणायला उठली तेवढ्यात गोपीचंदने हळूच विषय काढला. मंगलाबाई आधी पोट धरून हसली.

"गोपीभाऊ, पंचवीस वर्सानं विचारून राहिले तुमी?" मग जरा गंभीर होत म्हणाली, "दरसाल मंडई जवळ आली का तिचं एकच सुरू होते. आमच्या कोंढ्याची मंडई अशी, आमच्या कोंढ्याची दंडार तशी. लग्न झाल्यापासून एकडावबी पाह्यली नाई मनते बिचारी."

गोपीचंद तिथेच उभा राहिला. दिवाळी झाली की या भागात गावोगावच्या मंडया सुरू होतात. ज्या गावाची मंडई, तिथे दिवसा दुकानं लागतात, दंडारवाले नाचत निघतात, रात्री नाटक होतं, आणि घरोघर पाहुण्यांच्या पंगती उठतात. कोंढा रेवताबाईचं माहेर. आणि कोंढ्याची नि दिघोरीची मंडई नेमकी एकाच दिवशी. त्यामुळे माहेरी ढोलकं वाजत असायचं तेव्हा ती इथे तीस पाहुण्यांचा रस्सा ढवळत असायची. गोपीचंदला हे माहीत नव्हतं असं नाही. फक्त त्याने त्याचा कधी विचारच केला नव्हता.

आता मात्र त्याला एकदम सुचलं, आणि सुचल्यावर पाय जमिनीवर ठरेनात. त्याने बाजारातूनच रंजूला फोन लावला.

"साडी नाई घेत. तुह्या आईले मंडई देतो."

"मंजे?"

"कोंढ्याले पाठवतो तिले. आपल्या मंडईच्या दिवशी."

"आन पाहुण्याचं कोण रांधन?"

"मी."

रंजू एवढंच म्हणाली, "बाबा, आधी शिकून तं घ्या."

मंडईला पाच दिवस उरले होते. रोज दुपारी जाळी वाळत घातली की गोपीचंद आणि त्याचा जोडीदार तुलाराम तलावाच्या पाळीवर तीन दगडांची चूल मांडत. तुलारामची बायको सात वर्षांपूर्वी गेली होती, तेव्हापासून तो स्वतःचं स्वतः रांधायचा. पहिल्या दिवशी मसाला करपला. दुसऱ्या दिवशी मासे ढवळून ढवळून त्यांचा लगदा झाला.

"मासोळीले असं घुसळतेत काय गा? ताक हाये काय थे?" तुलाराम म्हणाला.

तिसऱ्या दिवशी खाण्याजोगं झालं. चौथ्या दिवशी तुलारामने पातेल्याचं बूड बोटाने पुसून खाल्लं आणि बिडी पेटवली. गोपीचंदला वाटलं, आपण दहावी पास झालो. घरी जाताना तो चक्क गुणगुणत होता. त्याने तुलारामला शपथ घातली होती आणि कोंढ्याला तर कोणाला एक अक्षर कळू दिलं नव्हतं. साळ्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, तो लगेच बहिणीला फोन करून मोकळा होईल, हे त्याला ठाऊक होतं.

मंडईच्या आदल्या संध्याकाळी त्याने रेवताबाईसमोर पिशवी ठेवली. त्यात तिचीच लग्नकार्यातली साडी होती, आणि दोन ब्लाऊज. त्यातला एकही त्या साडीवरचा नव्हता.

"सकाळच्या गाडीनं कोंढ्याले जा. मंडई पाहून ये."

"डोस्कं फिरलं काय तुमचं? उद्या तीस जण येतेत जेवाले."

"मी रांधतो."

"तुमी?"

"तुलारामले विचार. चार दिवसापासून रांधून राहिलो." मग खाली बघत तो म्हणाला, "हे पंचवीस वर्साचं. साडी घ्याले गेलतो, पण तुले कोणता रंग आवडते थे मले मालूमच नाई."

रेवताबाई पिशवीशेजारी खाली बसली. तिने पदर डोळ्यांना लावला आणि पदराआडूनच म्हणाली, "पोपटी."

त्यानंतर तिच्या सूचना सुरू झाल्या त्या संपेचनात. तेल किती, तिखट किती, पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या आत्याबाईला काटा काढून द्यायचा. सकाळी गाडीकडे जाताना ती तीनदा मागे वळली. "सांबार शेवटी टाकजा," हे कोथिंबिरीचं तिसऱ्यांदा. पण तिच्या चालीकडे गोपीचंद बघत राहिला. पोरीसारखी चालत होती ती.

बारा वाजता पाहुणे आले. गोपीचंदची बहीण निर्मलाबाई दरसालप्रमाणे साकोलीहून आली होती.

"वयनी कुठं हाये?"

"माहेरी गेली. मंडई पाहाले."

निर्मलाबाई आधी हसली. मग भावाच्या हातातला झारा नि कपाळावरचा घाम बघून तिचं हसू थांबलं. पहिली पंगत बसली. लोकांनी रस्सा पुन्हा मागितला. गोपीचंद वाढत होता आणि मनाने कोंढ्यात होता. आता दंडार निघाली असेल. आता ती मायसोबत जिलबी खात असेल. त्याला वाटे, सांगावं सगळ्यांना.

दुसरी पंगत बसत होती तेव्हा दारात रेवताबाई दिसली. हातात तीच पिशवी.

"काल झाली," ती म्हणाली.

"काय?"

"कोंढ्याची मंडई. नाटक कंपनीले आजची तारीख नोती मने, मनून औंदा एक दिवस आधी घेतली. मी उतरली तं सारं गाव झोपून. रातभर नाटक पाह्यलं नं लोकायनं. दुकानवाले बांबू सोडून राहिले होते. माय तेवढी जागी होती."

"पण भावानं काहून नाई सांगतलं तुले?"

"दरसाल सांगे. मी जातच नाई, मंग सोडलं त्यानं सांगनं."

तक्रार म्हणून नव्हे, दर सांगावा तसं तिने हे सांगितलं, आणि गोपीचंदच्या काळजाला तेच लागलं. एवढी गुप्तता पाळली, आणि त्यापायी कोंढ्याला एक फोन केला नाही. पंचवीस वर्षांत एकदा द्यायचं होतं, तेही एका दिवसाने हुकलं.

"माहंच चुकलं, रेवता."

"राहू द्या. किती जण रायले जेवाचे?" तिने पिशवी ठेवली, पदर कमरेला खोचला आणि ती स्वयंपाकघराकडे वळली.

गोपीचंद तिच्या आडवा उभा राहिला. मग त्याने लोटा भरून आणला आणि सगळ्यांदेखत दाराबाहेर ठेवला.

"पाय धू."

"काहून?"

"कोंढ्यावरून आली नं तू? पाहुणी हायेस आज."

पंगतीतल्या माना दाराकडे वळल्या. रेवताबाई लोट्याकडे बघत राहिली. मग बाहेर जाऊन तिने सावकाश पाय धुतले, खोचलेला पदर सोडला आणि निर्मलाबाईच्या शेजारी येऊन बसली. गोपीचंदने तिला वाढलं. तिने पहिला घास घेतला.

"झोंबते," ती म्हणाली, आणि आणखी रस्सा घ्यायला वाटी पुढे केली.

ती जेवून उठेपर्यंत शाळेच्या मैदानाकडून ढोलकं वाजायला लागलं होतं. बायका निघाल्या. रेवताबाईने केस सारखे केले, चपला घातल्या, आणि दारातून मागे वळून तिने विचारलं, "अवो, आपल्या मंडईत बायका कुठं बसतेत?"

गोपीचंदने सांगायला तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की हे त्याला माहीत नाही. त्याने कधी त्या बाजूला पाहिलंच नव्हतं.

"मले माहीत हाये. चाल वयनी," साकोलीची निर्मलाबाई म्हणाली, आणि तिने रेवताबाईचा हात धरला.

दोघी वळणापलीकडे दिसेनाशा होईपर्यंत तो दारात उभा राहिला. मग आत गेला. अजून एक पंगत बसायची होती. त्याने तांदूळ धुतले आणि भात चढवला.