बाबांची ताटी, रबाबची शाल

नाजी मास्तरांनी बगदादच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. समुद्राकडून येणारं दमट वारं, शर्जी, फळ्यावर बाण काढकाढून पोरांच्या डोक्यात भरलं. आणि म्हातारपणी लेकीकडे बसऱ्याला राहायला आले, तर नेमकं तेच विसरले! आता काय म्हणावं या माणसाला?

लेक रबाब दुबईच्या एका कंपनीसाठी घरबसल्या दवाखान्यांचे अहवाल भाषांतरित करायची. तिची कामाची खोली थेट गच्चीखाली. सरकारी वीज गेली की गल्लीतल्या जनरेटरवर सगळी मदार. त्यावर पंखा चालतो, एसी नाही. तापलेला लॅपटॉप ऐन मीटिंगमध्ये मान टाकायचा. कंपनीतल्या वरच्या बाईंनी शेवटी सांगून टाकलं, "आणखी एकदा गायब झालात तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मास्तरांनी हे ऐकलं मात्र, त्यांच्या अंगात आलं. बायको गेल्यापासून हा माणूस भिंतीकडे बघत बसलेला. तो आता हातोडी घेऊन शिट्टी वाजवत फिरू लागला! खजुराच्या खोक्याच्या फळ्या ठोकून चौकट केली, तीत जवाशाची काटेरी झुडपं दाबून भरली. वर भोकं पाडलेली नळी, खाली टब, टबात छोटा पंप, मागे पंखा. झाली ताटी तयार.

"बगदादला भर उन्हाळ्यात तुझी आई या ताटीसमोर शाल घेऊन बसायची," ते म्हणाले. "बस, बस. गार लागतंय ना?"

बगदादची हवा कोरडी. तिथे ओली ताटी म्हणजे स्वर्ग. बसऱ्यात दमट शर्जी सुटलेलं, पाणी सुकेचना. खोलीचा पार वाफेचा हमाम झाला! पण बाबांचा फुललेला चेहरा बघून रबाबच्या तोंडून खरं निघेना.

"अहो बाबा, शाल लागेल मला," ती म्हणाली, आणि खरंच पांघरून बसली.

शेजारीण उम्म झुहैरने गच्चीवरून टोमणा हाणलाच, "मास्तर, लेकीला वाफवताय की काय?"

"खाला, तुम्हाला काय कळतंय!" रबाब आतूनच ओरडली. चष्म्यावर वाफ, गळ्याशी घामाच्या धारा. दुपारच्या मीटिंगमध्ये लॅपटॉपची बटणं ओलाव्याने अडकली आणि आवाजच बंद झाला. बाईंनी उद्यापर्यंतची मुदत दिली, शेवटची.

रबाब तोंड धुवायला गेली तशी मास्तरांनी खुर्चीवरची शाल घडी करायला उचलली. जड लागली. त्यांनी ती पिळली, तर फरशीवर पाणी सांडलं.

सकाळी रबाब खोलीत आली, तर ताटी गायब. टबात बर्फाची लादी, पंप तोच. पण पाणी आता हवेत न मिसळता तांब्याच्या नळीतून फिरून परत टबात येत होतं. ती नळी पंख्याच्या जाळीवर गोल गोल बांधलेली. मास्तर घामाघूम, सदऱ्यावर लादीला चिकटलेला लाकडी भुसा.

"काल शाल पिळली मी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "लेकीने बापाला पाहुण्यासारखं वागवावं? पाहुण्याने केलेला भात करपला तरी छान म्हणतात. मी पाहुणा आहे का गं इथे?"

रबाबला रडूच आलं. "नाही हो बाबा. तुम्ही इतक्या दिवसांनी शिट्टी वाजवत होता. मला ती बंद पडायला नको होती."

"वेडी कुठली! डोळे पूस, मीटिंग आहे तुझी."

मीटिंग शेवटपर्यंत झाली. लॅपटॉप कुरकुरला नाही. बाईंनी पुढच्या महिन्याचंही काम दिलं. दार उघडलं तर मास्तर बाहेर स्टुलावर, नुमी बसराच्या, म्हणजे वाळल्या लिंबाच्या चहाचा पेला हातात धरून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"टिकली नोकरी?"

"टिकली."

"आणि गार वाटलं? खरं सांग."

"थोडंच," ती म्हणाली. "डावीकडे तर काहीच येत नाही."

मास्तर खो खो हसत सुटले. चहा सांडला, डोळ्यांत पाणी आलं. मग ते उठले, हातोडी शोधली आणि शिट्टी वाजवत पंखा डावीकडे सरकवायला आत गेले.