काठाला ओठ

‘‘सर, तुम्हांला काय आणू?’’ प्रणवेशनं पुन्हा विचारलं.

‘‘मला काही नको. मी बघायला आलोय,’’ वरुणराव म्हणाले आणि समोरच्या टेबलावरून नजर न हलवता बसून राहिले.

त्या टेबलावर सरकारी इस्पितळातली एक नर्स ड्यूटी संपवून रामेन, म्हणजे रश्शातल्या जपानी शेवया, खात बसली होती. सत्तरीला टेकलेला, कपाळाला गंध लावलेला माणूस परक्या बाईच्या तोंडाकडं टक लावून बघतो म्हटल्यावर कुठल्याही दुकानदाराच्या भुवया चढायच्याच. प्रणवेशनं मेडिकल कॉलेज रोडवर नुकतंच दुकान थाटलं होतं. त्याला गिऱ्हाईक हवं होतं, भानगड नको होती.

‘‘सर, असं बघू नका. बरं दिसत नाही.’’

‘‘मी तंजावुरातलं सर्वांत चांगलं रामेन शोधतोय.’’

‘‘मग थोडं चाखून बघा की.’’

‘‘चाखता येत नाही. नैवेद्याचं आहे.’’

प्रणवेश चेन्नईच्या ज्या हॉटेलात हे शिकला, तिथं नैवेद्याचं रामेन कुणी शिकवलं नव्हतं. वरुणरावांनी खुलासा करायला घेतला, आणि ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याची सुटका नसे. उभी हयात त्यांनी विम्याच्या पॉलिसी विकल्या. ज्याला मरणाचं नाव खपत नाही अशा माणसाच्या ओट्यावर बसायचं, त्याच्याच घरची कॉफी पीत त्याच्याच मरणाबद्दल बोलायचं आणि सही घेऊन उठायचं, हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. ‘बोलेल त्याची बोरं विकतील,’ असं त्यांची बायको विनुता म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

विनुता मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. गेल्या वर्षी दोघं लेकीकडं चेन्नईला गेली, तेव्हा लेक त्यांना रामेन खायला घेऊन गेली. बिनमांसाचं मिळतं म्हणाली. वरुणरावांनी जपून नुसता लिंबू सोडा मागवला. विनुतानं मात्र शेवया संपवल्या, मग ते खोलगट भांडं दोन्ही हातांनी उचललं, काठाला ओठ लावले आणि तळ दिसेपर्यंत प्याली.

वरुणराव बघतच राहिले. त्यांच्या घरात पाणी असो की कॉफी, पिढ्यान्‌पिढ्या वरूनच तोंडात ओतायची. भांड्याला ओठ लागला की ते एच्चिल, उष्टं. घासून वेगळं ठेवायचं. अख्ख्या संसारात विनुताचा ओठ टंबलरला लागलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. आणि ही बाई भर हॉटेलात भांडं खाली ठेवून त्यांच्याकडं बघून हसली. ओठसुद्धा पुसले नाहीत.

पुढं तिचं दुखणं निघालं. इस्पितळात एकदा म्हणाली, ‘ते एकदा परत मिळालं असतं तर बरं होतं.’ वरुणरावांनी छाती ठोकून सांगितलं, ‘तंजावुरात मिळवतो. सगळ्यांत चांगलं.’ दिलेला शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. हा शब्द मात्र तिनं त्यांना पाळू दिला नाही. त्याआधीच गेली.

उद्या अविधवा नवमी होती. नवऱ्याआधी गेलेल्या बायकोच्या नावानं या दिवशी एक सवाष्ण जेवू घालायची, गेलेलीच्या आवडीचं तिच्या पानात वाढायचं. सवाष्ण ठरलेली होती. विनुताची धाकटी बहीण संगीता पापनाशमहून येणार होती. शब्द पाळायचा तर उद्याच. पण त्या पानात जे वाढायचं ते आधी चाखायचं नसतं, म्हणून वरुणराव दुकानादुकानांतून खाणाऱ्यांची तोंडं बघत हिंडत होते. नव्या बसस्टँडजवळच्या दुकानात पोरांनी शेवया उपसल्या आणि रस्सा तसाच टाकला. एका मोठ्या एसी हॉटेलात लोकांनी आधी फोटो काढले, आणि भांडं तर इतकं पसरट की ते उचलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. वरुणरावांनी दोन्ही ठिकाणं नापास केली.

समोरच्या नर्सनं काड्या खाली ठेवल्या. भांडं दोन्ही हातांत धरलं, डोळे मिटले आणि ओठ लावले.

‘‘हेच,’’ वरुणराव इतक्या जोरात म्हणाले की तिला ठसका लागला.

तिची माफी मागून झाल्यावर त्यांनी उद्या दुपारची दोन पार्सलं सांगितली, भांड्यांसकट. दुकानाची भांडी बाहेर जात नाहीत, असं प्रणवेश म्हणाला. पण मरणाला जिथं वरुणरावांनी गिऱ्हाईक मिळवलं, तिथं दोन भांड्यांची काय कथा.

‘‘नैवेद्याचं म्हणता, तर लसूण काढू का?’’ प्रणवेशनं विचारलं. ‘‘चव उतरेल, पण काढतो.’’

इथं वरुणराव पहिल्यांदा अडले. संगीता सोवळ्याची कडक. नवमीच्या पानाशेजारी लसूण म्हणजे ती भरल्या पानावरून उठायची, आणि सवाष्ण उपाशी उठली तर सगळंच मुसळ केरात.

‘‘माझ्या बायकोनं खाल्लं ते लसणासकट,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘तसंच दे.’’

दुसऱ्या दिवशी संगीतानं सकाळीच येऊन स्वयंपाक केला. आंबट भाजी, डांगर पचडी, पोळ्या. वरुणरावांनी दिलेली नवी साडी नेसून ती पानावर बसली. सगळं वाढून झाल्यावर वरुणरावांनी गरम केलेलं रामेन आणून पानाच्या उजवीकडं ठेवलं.

संगीतानं वास घेतला. ‘‘भावजी, हे काय?’’

‘‘रामेन. तुझ्या अक्कास आवडलं होतं.’’

‘‘लसूण आहे त्यांत.’’

‘‘आहे.’’

‘‘नवमीस लसूण वाढितां? अक्का लसूण खाईल का कधी?’’

‘‘माझ्या डोळ्यांदेखत खाल्ला. भांड्यास ओठ लावून प्याली.’’

संगीताचा हात पानावरच थांबला. ‘‘खोटं. लहानपणीं माझा ओठ टंबलरास लागला म्हणून अक्कानंच मज मारलं होतं. आईनं नाही, अक्कानं.’’

माणसाचे नकार परतवण्यात वरुणरावांचा जन्म गेला होता. कुठल्या नकाराला कुठलं उत्तर, हे तोंडपाठ होतं. आज ते सगळं त्यांनी बाजूला ठेवलं.

‘‘मी तिला शब्द दिला होता गे,’’ ते म्हणाले. ‘‘तुज नको तर राहूं दे. माझं वाढायचं काम होतं.’’

संगीता जेवायला लागली. भाजी झाली, पोळी झाली, सार-भात झाला. वरुणराव वाढत होते आणि भांड्यातली वाफ विरत चालली होती. ताकभाताची वेळ आली तशी संगीतानं ताकाला हातानं नको म्हटलं, आणि ते भांडं पुढ्यात ओढलं.

शेवया तिनं बोटांनी गुंडाळून गुंडाळून खाल्ल्या. रस्सा उरला. सवयीनं तिनं भांडं उंच उचललं, मान मागं टाकली. हात तसाच वर थांबला. मग भांडं हळूहळू खाली आलं आणि तिनं काठाला ओठ लावले. एकदा लावल्यावर मात्र तिनं ते रिकामं होईपर्यंत सोडलं नाही.

‘‘अक्कानं मज कां सांगितलं नाही?’’ तिचे डोळे भरून आले होते.

‘‘भ्याली असेल. तूं रागावशील म्हणून.’’

‘‘रागावलेच असते,’’ ती म्हणाली. ‘‘मग खायास गेलेही असते तिच्याबरोबर.’’

एक रीत राहिली होती. ‘‘तृप्त झालीस?’’ वरुणरावांनी विचारलं.

‘‘झालें. दोघीही झालों.’’ ती पानावरून उठली. ‘‘आतां तुम्ही बसा. हें कसं लागतं, तें तरी ठाऊक आहे का तुम्हांस?’’

‘‘तंजावुरातलं सर्वांत चांगलं आहे,’’ वरुणराव ठासून म्हणाले.

‘‘चाखलांत?’’

‘‘नाही.’’

संगीतानं दुसरं भांडं गरम करून त्यांच्यापुढं ठेवलं आणि हात धुवायला मागच्या दारी गेली. वरुणरावांनी शेवया संपवल्या. मग भांडं दोन्ही हातांनी उचललं, विनुतानं धरलं होतं तसं, आणि ओठ लावून सगळा रस्सा प्याले. लसूण चांगलाच लागत होता. भांडं खाली ठेवल्यावर खांद्यावरच्या पंच्याकडं त्यांचा हात गेला, आणि तिथूनच परत आला. ओठ त्यांनी पुसले नाहीत.