टिटवीच्या अंड्यांवर भंडारा

मायाक्काच्या देव्हाऱ्याची बरोबरी अख्ख्या गल्लीत कुणी करू नये. पांढरा संगमरवर, लाल-हिरव्या लायटिंगची माळ, मधोमध बिरोबाचा चांदीचा टाक. टॉवेलच्या कारखान्यातली पाळी संपवून आलेला शहाजीसुद्धा आईच्या धाकानं आधी हात जोडायचा, मग चहा मागायचा. आणि याच घरची नात, सोनम, आरतीला उभी केली की जांभया द्यायची.

तीच पोरगी उन्हाळ्याच्या सुट्टीत माळावर राहून आली. माळावर मायाक्काची धाकटी जाऊ ईरम्मा मेंढरं राखायची. पोरगी उन्हानं करपून आली ती चप्पल काढायच्या आत म्हणते, "आज्जी, मला देव दिसला!"

"कुटं?"

"धाकट्या आज्जीच्या माळावर."

मायाक्काच्या काळजाला इंगळी डसली. सोमवार तिनं धरले, अनवाणी डोंगर तिनं चढले, गुडघे तिचे झिजले. आणि देव निघाला कुठं, तर ईरम्माच्या माळावर! जिला टाक चिंचेनं घासतात हेसुद्धा सांगावं लागतं, तिच्या!

रविवारी तिनं लेकाला गाडी काढायला लावली, नातीला मधे घेतलं आणि भंडाऱ्याची पिशवी कमरेला खोवून माळ गाठला.

"या अक्का. वाट चुकलासा व्हय?" ईरम्मा हसली.

"तुजा देव बघाय आले."

"माजा कुटला? पोरीचा हाय त्यो. माज्याकडं नुसती मेंढरं."

देऊळ नव्हतं, शेंदराचा धोंडासुद्धा नव्हता. नुसते खडे आणि तरवडाची झुडपं. सोनमनं आज्जीला खाली बसवलं. "बोलू नको हं."

समोरून मेंढरांचा लोंढा आला. खड्यांतून एक टिटवी उठली, दोन्ही पंख पसरून वाटेत उभी राहिली आणि कोकलायला लागली. मूठभर पाखरू! पण कळप तिच्यापाशी येऊन दुभंगला. अर्धी मेंढरं इकडून, अर्धी तिकडून गेली. धुरळा बसला तेव्हा तिच्या पायांशी तिची अंडी तशीच होती, खड्यांत खड्यांसारखी.

सोनमचे हात आपोआप जुळले होते. मायाक्का तिचं तोंडच बघत होती. असलं तोंड देव्हाऱ्यापुढं एक दिवस झालं नव्हतं. पोरीला आयतं मिळालं, ईरम्माच्या दारात मिळालं, आपल्याला मात्र काही नाही. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"देव हाय तर त्याला भंडारा नगं व्हय?" ती ताडकन उठली. "असा उगडाबोडका ठेवलाय! बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

टिटवी उडाली आणि मूठभर भंडारा अंड्यांवर पडला.

"अक्का, ह्ये काय केलंसा!" ईरम्मा ओरडली. "न दिसणारी अंडी पिवळी केलीसा. आता कावळा सोडतोय व्हय?"

"मग पुसते की."

"हात लावू नगा! फुटली तर हाय ते बी जाईल."

सोनम रडली नाही. आज्जीकडं पाठ फिरवून ईरम्माला जाऊन बिलगली. ते मायाक्काला ईरम्माच्या ओरडण्यापेक्षा झोंबलं.

कावळा आलाच. मायाक्कानं ढेकूळ उचलून हाणलं. शहाजी म्हणाला, "आई, चल, ऊन चढलंय."

"तू जा. मी बसते."

ती लांब एका धोंड्यावर बसली, डोक्यावर पदर घेऊन. कावळा आला की ढेकूळ, परत आला की शिवी. टिटवी तिच्याच डोक्यावर घिरट्या घालून कोकलत होती. "तुजंच राकतीया गं, भवाने!" मायाक्का वर बघून वसकली. ईरम्माला हसू आवरेना.

दुपार कलल्यावर वारा सुटला, भंडारा थोडा उडाला, थोडा मातीत मुरला. टिटवी दबकत दबकत आली, अंग फुगवून अंड्यांवर बसली. तेव्हा कुठं सोनम आज्जीजवळ येऊन टेकली. टिटवीकडं बघून तिचं तोंड परत मघासारखं उजळलं होतं.

मायाक्का हळूच म्हणाली, "मला काय बी दिसंना गं."

"कसं दिसंल? मघापास्नं माझ्याकडंच बघतीयास. तिकडं बघ की!"

घरात असं कुणी बोललं असतं तर त्याची धडगत नव्हती. मायाक्कानं ओठ आवळले आणि मान टिटवीकडं वळवली.